चिंचवड ते प्रभादेवी, आठवड्यातून तीन दिवस: कोणती गाडी धरू?

सांडगी_मिरची
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यापासून माझं ऑफिस प्रभादेवीला. आठवड्यातून तीन दिवस तोंड दाखवायचं, बाकीचे दिवस घरून काम. घर चिंचवडला, स्टेशन रिक्षाने दहा मिनिटांवर. मुलगी नववीत आहे, त्यामुळे बिऱ्हाड हलवण्याचा प्रश्न नाही. सासूबाई म्हणाल्या, "तीनच दिवस ना? मी आहे की." त्यावर नवऱ्याच्या सगळ्या हरकती आपोआप मिटल्या.

एक्स्प्रेसवेने दोनदा जाऊन पाहिलं. पहिल्यांदा ठीक झालं. दुसऱ्यांदा खंडाळ्याला एक कंटेनर आडवा झाला होता, तिथे दीड तास बसून मी गाडीतच मीटिंग केली. आता रेल्वे. पण माझं रेल्वेचं ज्ञान म्हणजे लहानपणी दादरला मामाकडे जाताना खिडकी, बोगद्यात ओरडणं आणि कर्जतचा वडा, एवढंच. सकाळी दहा-सव्वादहापर्यंत टेबलावर असायला हवं, संध्याकाळी पाचला निघता येईल. कोणती गाडी, पास की तिकीट, आणि हे झेपतं का? खरं सांगा, धीर देऊ नका.

साधा_डबा
चिंचवड म्हणालात तिथेच निम्मं उत्तर आलं. सिंहगड.

पुण्याहून ६:०५ला सुटते, चिंचवडला साडेसहाच्या आत येते, सीएसएमटीला ९:५५. तुम्ही दादरला उतरा आणि पश्चिम रेल्वेच्या बाजूला जाऊन एक स्टेशन पुढे, प्रभादेवी. दहाला टेबलावर. डेक्कन क्वीन पुण्याहून ७:१५ची आहे आणि सीएसएमटीला १०:२५ला टेकते, म्हणजे तुमच्या वेळेत बसत नाही. शिवाय ती चिंचवडला थांबत नाही. प्रगती ७:५०ची, आणि ती पनवेलवरून जाते, सीएसएमटीला ११:२५.

परतताना सीएसएमटीहून प्रगती ४:२५, क्वीन ५:१०, सिंहगड ५:५०. पाचला निघालात तर दादरला सिंहगड आरामात मिळेल. ती हुकली तर मग रात्रीच्या लांब पल्ल्याच्या गाड्या, महालक्ष्मी, सिद्धेश्वर वगैरे. त्यात तुमच्यासाठी जागा अशी नसते, असते ती फक्त दया.

इंटरसिटी आणि इंद्रायणीची नावं ऐकून हुरळू नका. त्या मुंबईकरांच्या गाड्या. सकाळी इंद्रायणी ५:४०ला आणि इंटरसिटी ६:४०ला सीएसएमटीहून निघून पुण्याला येतात आणि संध्याकाळी परत जातात. तुमच्या उलट्या दिशेने. (वेळा अधूनमधून पाच-दहा मिनिटांनी सरकतात, निघण्याआधी ॲपवर बघत जा.)

कटलेट_काका
सिंहगड ही गाडी आहे, क्वीन ही संस्था आहे. एवढंच म्हणतो.

साधा_डबा
काका, त्यांना साडेसहाला चिंचवडहून चढायचंय. संस्था तिथे थांबत नाही.

कटलेट_काका
म्हणून तर एवढंच म्हटलं.

चौथी_सीट
मी अकरा वर्षं अप-डाउन केलं, त्यातली आठ सिंहगडने. गाडीची निवड झाली, आता डब्याचं बघू.

तीन दिवस असतील तर आधी हिशोब करा. पास महिन्याचा किंवा तीन महिन्यांचा काढता येतो आणि तीन दिवसांच्या हिशोबानेही तिकिटांपेक्षा स्वस्तच पडेल. पण पासावर आरक्षित डब्यात बसता येत नाही. पासवाल्यांचे डबे वेगळे, बायकांचा डबा वेगळा. आणि त्या डब्यांचे कायदे रेल्वेच्या पुस्तकात सापडत नाहीत.

पहिला कायदा: रिकामी दिसणारी सीट रिकामी नसते. तिच्यावर रुमाल नसला तरी नसते. पुढच्या स्टेशनला कुणीतरी चढणार असतं. तिथे जाऊन "ही सीट कुणाच्या बापाची आहे का" असं विचारणारे दरवर्षी दोन-चार येतात आणि पंधरवड्यात एकतर गप्प होतात नाहीतर रस्त्याने जायला लागतात. मला स्वतःला हा प्रकार आवडत नाही. तिकीट काढून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला उभं ठेवून चौघं रमी खेळतात ते मी पाहिलंय, आणि तेव्हा मीही त्या चौघांतला पाचवा होतो, पत्ते बघणारा. पण नवीन माणसाने पहिल्या आठवड्यात उभं राहावं, हसावं, "कुठे उतरणार" विचारावं. दुसऱ्या आठवड्यात लोक स्वतःहून सरकतात. तीन जणांच्या बाकावर चौथी जागा म्हणजे अर्धी मांडी आत, अर्धी बाहेर. माझं नाव तिथूनच आलंय.

बायकांच्या डब्याचं मला ऐकीव माहीत. तिथे डोहाळजेवणं होतात एवढं खरं.

आत्याबाई_लोकलवाल्या
डोहाळजेवणच काय, हळदीकुंकू, भोंडला, दिवाळीच्या साड्यांचा सेल, सगळं होतं. माझ्या मोठ्या मुलीच्या वेळी सातव्या महिन्यात डब्यातल्या बायकांनी फुलांची वाडी भरली होती. लोणावळा सुटल्यावर सुरू केलं आणि कर्जतला ओटी भरून झाली. घाटात गाडी हळू चालते म्हणून वेळ पुरला.

सांडगी, दोन गोष्टी लक्षात ठेव. घरून निघताना पोटात काहीतरी घालून निघ, चहा गाडीत मिळतो पण वाट बघायला लावतो. आणि पावसाळ्यात पिशवीत एक कोरडी जोडी ठेव.

मधली_लाईन
घाटात गाडी हळू चालते यावर इथे बरेच गैरसमज दिसतात, म्हणून जरा सविस्तर.

पुण्याकडे जाताना कर्जतला गाडी थांबते ती वड्यासाठी नाही. मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लावायला थांबते. कर्जत ते लोणावळा हे २८ किलोमीटर, आणि भोर घाटातला चढ १:३७. म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. रस्त्यावर हा चढ काहीच नाही, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरतं तेव्हा हा भिंतीसारखा असतो. पुढचं इंजिन एकटं अख्खी गाडी ओढू शकत नाही. जोडीला आणखी इंजिनं पुढेच का लावत नाहीत? कारण मग सगळा ताण पहिल्या काही डब्यांच्या कपलिंगवर येतो. मागून ढकललं की ताण वाटला जातो, आणि चुकून कपलिंग तुटलंच तर मागचे डबे कर्जतकडे घरंगळत जात नाहीत, बँकर त्यांना धरून ठेवतो. लोणावळ्याला बँकर सुटतात. शेवटच्या डब्यात बसा कधीतरी. कर्जत सोडताना पाठीत एक गुद्दा बसल्यासारखं होतं, तो बँकर.

उतरताना उलटा प्रश्न. तिथे ओढायचं नाही, आवरायचं आहे. मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडी अशी ठिकाणं वाटेत आहेत, जिथे प्रवासी चढत-उतरत नाहीत. तिथे सांधा मुद्दाम मुख्य मार्गाला लावलेला नसतो, कॅच सायडिंगला लावलेला असतो. ती लाईन डोंगराच्या अंगाला चढावर जाऊन संपते. तुमची गाडी आली, थांबली, ब्रेक शाबूत आहेत हे दिसलं, की मग सांधा फिरतो आणि पुढचा मार्ग मिळतो. ब्रेक गेलेली गाडी आली तर ती सरळ त्या चढावर जाऊन दमते, खालच्या गावात जात नाही. मुंबईला जाताना जंगलात गाडी मिनिटभर उभी राहते आणि लोक "सिग्नल देत नाहीत मेले" म्हणून करवादतात, ते हे.

सोलापूर वंदे भारत (फेब्रुवारी २०२३ पासून) बँकरशिवाय घाट चढते, कारण तिची ताकद एका इंजिनात नसून गाडीभर डब्यांखाली वाटलेली आहे.

बोगद्यात_ओरडणारा
मग वंदे भारतने वेळ किती वाचतो?

मधली_लाईन
हाच तर विनोद आहे. सीएसएमटी ४:०५, पुणे ७:१०. क्वीन ५:१० आणि ८:२५. दहा मिनिटं.

बोगद्यात_ओरडणारा
आणि १९३०मध्ये क्वीन पावणेतीन तासांत जायची म्हणे! चुलत आजोबा सांगायचे. खरं का?

कटलेट_काका
खरं. आता मला बोलू द्या.

१ जून १९३०. सात डब्यांचे दोन रेक, म्हणजे गाडीचे दोन संच, होते, एक चंदेरी अंगाचा आणि लाल पट्ट्यांचा, दुसरा गडद निळा आणि सोनेरी रेघांचा. सुरुवातीला कल्याण-पुणे धावली, नंतर व्हीटीपर्यंत आली. मुंबईच्या साहेब लोकांना शनिवार-रविवार पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींना नेण्यासाठी गाडी काढली होती. विजेवर, घाटासकट. कोळशाचा धूर नाही, पांढऱ्या कपड्यांवर डाग नाही.

डायनिंग कार आजही आहे. टेबलावर बसून, खिडकीतून घाट बघत चीज टोस्ट आणि कटलेट खाता येतं अशी दुसरी रोजची गाडी देशात नाही. २०२२च्या जूनमध्ये जुने डबे जाऊन एलएचबी बनावटीचे नवे डबे आले, तेव्हा डायनिंग कारचं काय होणार या काळजीने आम्ही आठ दिवस झोपलो नव्हतो. नवीन आली, ती चांगली आहे. जुन्या डब्यातला लाकडाचा वास मात्र गेला. दर १ जूनला पुणे स्टेशनवर इंजिनाला हार घालून केक कापतात. हसा हवं तर. मी बावीस केक खाल्लेत.

चौथी_सीट
काका, इतिहास पूर्ण सांगा ना. सुरुवातीला नुसता पहिला आणि दुसरा वर्ग होता. तिसऱ्या वर्गाला या गाडीत जागा मिळाली ती १९५५च्या जूनमध्ये, म्हणजे गाडी सुरू झाल्यावर पंचवीस वर्षांनी आणि स्वातंत्र्यानंतर आठ. तोवर आमच्या आजोबांसारखे लोक फलाटावर उभे राहून राणी बघत होते, आणि मग पॅसेंजर पकडत होते.

कटलेट_काका
हे खरं आहे. माझे वडीलही बघणाऱ्यांतलेच. म्हणून तर मला नोकरी लागल्यावर त्यांना पहिल्या पगारात क्वीनने नेलं. कटलेट त्यांना अळणी लागलं.

साधा_डबा
😀 हे आधी का नाही सांगितलंत?

मधली_लाईन
पावणेतीन तासांबद्दल. आज इंजिनं कितीतरी पटींनी ताकदवान आहेत, डबे चांगले आहेत, आणि तरी सव्वातीन तास. घाट तेव्हाही हाच होता. मग वेळ गेला कुठे? खाली.

कल्याणपासून कर्जतपर्यंत आजही दोनच लायनी आहेत. एक जायची, एक यायची. त्यावर बदलापूर, कर्जत, खोपोलीच्या लोकल, पुण्याच्या सगळ्या गाड्या, दक्षिणेच्या लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या. तुमची सिंहगड आठच्या आसपास घाट उतरून कर्जतला येते, नेमकी अंबरनाथ-बदलापूरची माणसं दारात लटकत असतात तेव्हा. तिथे एक्स्प्रेसला पुढे काढायचं तर लोकल थांबवावी लागते. लोकल थांबवली की फलाटावर दंगा. म्हणून एक्स्प्रेस मागे रांगेत. ठाणे-दिव्याच्या पाचव्या-सहाव्या लाईनीने (फेब्रुवारी २०२२) पुढे थोडा श्वास मिळाला, पण कुर्ल्याच्या पुढे सीएसएमटीपर्यंत पुन्हा चिंचोळं. १९३०मध्ये बदलापूर हे गाव होतं. त्यामुळे "इंग्रजांच्या काळात कसं वेळेवर होतं" असं कुणी म्हणालं की मी विचारतो, त्यांच्या पुढे कोण होतं?

बदलापूरची_पाटी
वाचतेय गपचूप. "लोकल थांबवली की दंगा" करणारी मीच. सकाळी क्वीन जाऊ द्यायची म्हणून आमची लोकल बाजूला उभी राहते तेव्हा डब्यात तिच्याबद्दल काय बोललं जातं ते इथे लिहिता येणार नाही. राणी वगैरे शब्द त्यात नसतो.

कटलेट_काका
😶

खोपोलीकर
घाटावर इतकं बोलणं चाललंय आणि खोपोलीचं नाव नुसतं लोकलपुरतं?

आमचं स्टेशन हे एकेकाळी शेवटचं स्टेशन होतं. मुंबईकडून लाईन १८५६मध्ये पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आली. वरून खंडाळा-पुणे १८५८मध्ये सुरू झाली. मधला घाट बाकी. मग पाच वर्षं लोक काय करायचे? खोपोलीला उतरायचे, पालखी, तट्टू, बैलगाडी जे परवडेल ते करून खंडाळ्यापर्यंत घाट चढायचे आणि वर दुसरी गाडी धरायचे. १८६३मध्ये घाटातली लाईन पुरी झाली आणि खोपोली एका रात्रीत आडबाजूला पडली. आज कर्जतहून आमच्याकडे जी लोकल येते ती त्याच जुन्या फाट्यावरून.

घाट बांधायचा ठेका सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रजाने घेतला होता. १८५९मध्ये तो इथे आला आणि थोड्याच दिवसांत आजारपणात वारला. ठेका मोडणार असं सगळ्यांना वाटलं असेल, पण त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, तो आपल्या हातात घेतला आणि दोन इंजिनिअर हाताशी धरून काम तडीला नेलं. आखणी करणारा मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली, तोही उद्घाटन बघायला राहिला नाही, १८६२मध्ये गेला. आणि कॉलरा, ताप, सुरुंग यांनी हजारोंनी मजूर मेले. त्यांच्या नावाची यादी कुठे नाही. पंचवीस बोगदे खोदले त्यांनी. हाताने, पहारीने आणि दारूने.

बोगद्यात_ओरडणारा
पंचवीस? मी लहानपणी मोजायचो तर दर वेळी आकडा वेगळा यायचा.

मधली_लाईन
कारण पंचवीस हे मूळच्या मार्गाचे. आधी खंडाळ्याच्या अलीकडे रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी तिथे थांबायची, इंजिन या टोकाचं त्या टोकाला जायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. १९२९च्या सुमारास नवीन बोगदे पाडून ते वळण काढून टाकलं, तेव्हाच विजेचं कामही चाललं होतं. त्या काळी मालगाड्या ओढणारं इंजिन सांध्यांतून मोडत वळायचं आणि चालताना कण्हल्यासारखा आवाज करायचं, म्हणून चालवणारे त्याला खेकडा म्हणायचे. एक खेकडा सीएसएमटीच्या आवारात ठेवलेला आहे. आज घाटात तीन लायनी आहेत आणि प्रत्येकीचे बोगदे सारखे नाहीत. म्हणजे तुमची मोजणी चुकली नव्हती, गाडी वेगळ्या लाईनीवरून गेली असेल. माझं नाव कुठून आलं हे आता कळलं असेल.

सांडगी_मिरची
अहो, मी एक गाडी विचारली होती!

पण थांबू नका. काल रात्री मुलीला हे सगळं वाचून दाखवलं. ॲलिस ट्रेडवेलवर ती शाळेत प्रोजेक्ट करणार आहे. एक खरा प्रश्न राहिला: पावसाळ्यात काय?

साधा_डबा
पावसाळ्यात घाट सुंदर दिसतो आणि वेळापत्रक दिसत नाही. २०१९च्या पावसाने घाटात इतकं नुकसान केलं की कितीतरी दिवस पुण्याच्या बऱ्याच गाड्या रद्दच होत्या. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईला रात्र काढता येईल असं एक घर हाताशी ठेवा.

सांडगी_मिरची
मामा अजून दादरलाच आहे.

आत्याबाई_लोकलवाल्या
मग काय हवं. मामाला आधी सांगून ठेव, रात्री साडेअकराला दार वाजवू नकोस.

चौथी_सीट
पावसात ठाकूरवाडीजवळ एकदा चार तास अडकलो होतो. पुढे दरड. डब्यात सतरा जणांकडे मिळून तीन डबे, दोन बिस्किटपुडे आणि एक अख्खं फणसाचं गऱ्यांचं पातेलं निघालं. पातेलं कुणीतरी बहिणीकडे कळव्याला नेत होतं. ते बहिणीपर्यंत पोचलं नाही. बाहेर प्रत्येक कपारीतून पाणी कोसळत होतं, आणि लायनीवर पहारीने दगड हलवणारी माणसं, डोक्यावर इरली घेतलेली, कंदिलाच्या उजेडात. गाडी हलली तेव्हा खिडकीतून आम्ही उरलेले गरे त्यांना दिले. त्या रात्रीपासून मी "रेल्वे काय करते" असं मोठ्याने म्हणत नाही. मनात म्हणतो.

कटलेट_काका
मंकी हिलला गाडी थांबली की आम्ही वाचून झालेले पेपर तिथल्या माणसांना द्यायचो. त्यांच्याकडे पेपर येणार कुठून? शब्दकोडं मात्र आधी सोडवून.

बदलापूरची_पाटी
काका, शब्दकोडं कोरं ठेवलं असतंत तर तुम्हाला माफ केलं असतं.

*(तीन आठवड्यांनंतर)*

सांडगी_मिरची
धागा वर आणतेय.

नऊ फेऱ्या झाल्या. सात वेळा सव्वादहाच्या आत टेबलावर, एकदा पावणेअकरा, एकदा गाडीच रद्द म्हणून घरूनच काम. पास काढला, तीन महिन्यांचा. पहाटे पाचला उठणं अजून अंगवळणी पडलेलं नाही. पहिले दोन दिवस लोणावळ्यापर्यंत उभी होते आणि चौथी_सीट यांचा सल्ला आठवून नुसती हसत होते. बहुतेक वेड्यासारखी दिसत असणार, कारण तिसऱ्या दिवशी एका बाईंनी विचारलं, "काय झालं गं?"

मंकी हिलला गाडी थांबली तेव्हा शेजारची करवादली. मी तिला कॅच सायडिंग समजावलं. आता डब्यात मला "सायडिंगवाली" म्हणतात.

परवा संध्याकाळी मात्र दादरला गर्दीत कशीबशी चढले, खांद्याला लॅपटॉप, हातात ओली छत्री. टेकायला पाऊण वीत जागा मिळाली आणि मिळताक्षणी मांडीवर वर्तमानपत्र आणि त्यावर पावशेर गवार आली. न विचारता. "शिरा नीट काढ" एवढंच बजावलं. कर्जतला पाठीत बँकरचा गुद्दा बसला आणि निम्मी गवार खाली सांडली. सगळ्यांनी पाय वर घेतले, मी बाकाखाली जाऊन गोळा केली.

चौथी_सीट
गवार कुणाची होती ते सांगा, डबा कुठला ते मी सांगतो.

सांडगी_मिरची
खडकीच्या ताई, जाड फ्रेमचा चष्मा, बोलताना मधेच गुणगुणतात.

चौथी_सीट
बारा वर्षांपूर्वी त्या मटार आणायच्या. इंजिनाकडून दुसरा डबा. त्यांना विचारा, फणसाचं पातेलं परत मिळालं का.